मित्र भिंतीवर : गोगँच्या १८८८ मधील एका आत्मचित्राचे प्रकरण

ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात पॉल गोगँचे एक छोटे आडवे तैलचित्र आहे. उंची सुमारे ४५ सेंटिमीटर, रुंदी सुमारे ५०. कॅनव्हासच्या डाव्या बाजूला गोगँचा स्वतःचा चेहरा आहे. नाक मोठे आणि बाकदार, मिशा खाली वळलेल्या, आणि डोळे तिरपे, समोरच्याचा अंदाज घेत असल्यासारखे. मागे पिवळी भिंत आणि तिच्यावर फुलांचे लहान लहान गुच्छ. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात हिरव्या पार्श्वभूमीवर एका तरुणाचा एका बाजूने दिसणारा चेहरा आहे, भिंतीला टाचून ठेवलेल्या रेखाटनासारखा. त्याच्या खालच्या मोकळ्या जागेत फ्रेंचमध्ये आधी ‘ले मिझेराब्ल’ (व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीचे नाव), मग ‘मित्र व्हिन्सेंटला’ आणि शेवटी सही व ८८ हा सालाचा आकडा लिहिलेला आहे.

भिंतीवरचा तरुण म्हणजे एमिल बर्नार, आणि ज्याला हे चित्र भेट म्हणून गेले तो व्हिन्सेंट व्हॅन गॉग. उत्तर-दृक्प्रत्ययवादी, म्हणजे इम्प्रेशनिस्टांनंतरच्या पिढीतील, चित्रकारांच्या मैत्रीची खूण म्हणून हे चित्र वारंवार छापले जाते आणि त्यात गैर काही नाही. मात्र ही मैत्री कोणत्या जातीची होती हे समजून घ्यायचे असेल, तर व्हिन्सेंटने मुळात काय मागितले होते आणि प्रत्यक्षात त्याच्या हाती काय आले, या दोहोंमधले अंतर पाहावे लागते. हे अंतर बरेच मोठे आहे, आणि सुदैवाने ते तिघांच्या पत्रव्यवहारात टप्प्याटप्प्याने नोंदले गेले आहे.

मागणी

व्हिन्सेंट फेब्रुवारी १८८८ मध्ये पॅरिस सोडून दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गावी आला. मे महिन्यात त्याने लामार्तीन चौकातील एका पिवळ्या घराचा भाग महिना १५ फ्रँक भाड्याने घेतला आणि तेव्हापासून त्या घरात एकटे राहायचे नाही, चित्रकारांनी एकत्र राहून काम करण्याची जागा तेथे उभी करायची, हा विचार त्याच्या मनात पक्का होत गेला. या विचाराला जपानची जोड होती. पॅरिसमध्ये असताना त्याने आणि त्याचा धाकटा भाऊ थेओ याने शेकडो जपानी ठसेचित्रे जमवली होती, आणि जपानी चित्रकार एकमेकांवर भावासारखे प्रेम करतात, आपापली चित्रे आपसात बदलून घेतात, अशी त्याची समजूत झाली होती. ही समजूत प्रत्यक्ष जपानच्या माहितीपेक्षा त्याच्या स्वतःच्या एकटेपणातून अधिक आली होती, असे त्याची त्या उन्हाळ्यातील पत्रे वाचताना वाटत राहते. बर्नारला लिहिताना तो ही कल्पना एखाद्या सिद्ध गोष्टीसारखी मांडतो.

त्याच वेळी गोगँ फ्रान्सच्या वायव्य टोकाला, ब्रिटनीतील पाँतावेन या खेड्यात राहत होता आणि ऑगस्टमध्ये बर्नारही तेथे येऊन दाखल झाला होता. गोगँ ४० वर्षांचा, बर्नार २०, आणि व्हिन्सेंट दोघांच्या मध्ये, ३५ वर्षांचा. अदलाबदलीची प्रथा या मंडळींना नवी नव्हती. १८८७ च्या अखेरीस पॅरिसमध्ये गोगँने आपले मार्टिनिक बेटावरचे एक चित्र व्हिन्सेंटला देऊन त्याच्याकडून सूर्यफुलांच्या दोन अभ्यासचित्रांची भेट घेतली होती. सप्टेंबर १८८८ मध्ये व्हिन्सेंटने मात्र वेगळीच विनंती केली. गोगँने बर्नारचे आणि बर्नारने गोगँचे व्यक्तिचित्र रंगवावे, ती दोन्ही चित्रे आपल्याकडे पाठवावीत, आणि आपण बदल्यात आपली चित्रे देऊ, असे त्याने सुचवले.

विनंती वरवर साधी दिसते, पण चित्रकाराला ती अवघड जाते. एखाद्याचे व्यक्तिचित्र काढायचे म्हणजे त्याच्याकडे तासन्तास पाहायचे आणि तो आपल्याला कोण वाटतो ते रंगात बोलून दाखवायचे. समोरचा माणूस स्वतः चित्रकार असेल तर आपण काय पाहिले आणि काय पाहायचे टाळले हे त्याला लगेच कळते. त्यातही ही चित्रे तिसऱ्या मित्राच्या घरी शेजारी शेजारी लागणार होती.

दोघांनीही हे काम टाळले, पण कारणे वेगळी होती. गोगँचे चित्र काढण्याचे आपल्याला धैर्य होत नाही, असे बर्नारने व्हिन्सेंटला कळवले. गोगँने सप्टेंबरच्या अखेरीस लिहिले की आपण बर्नारचे निरीक्षण करत आहोत, तो अजून पूर्णपणे हाती आलेला नाही, कदाचित त्याचे चित्र आठवणीने काढू, पण काहीही झाले तरी ते निसर्गाबरहुकूम नसेल. उद्या जमेल, कदाचित एकदम सुचेल. म्हणजे एकाला भीती वाटत होती आणि दुसरा आपल्या सवडीची वाट पाहत होता. वयाचे अंतर हे बर्नारच्या संकोचाचे उघड कारण होते, पण ते एकमेव कारण असावे असे मला वाटत नाही. त्याच उन्हाळ्यात बर्नारने हिरव्या कुरणातील ब्रिटनीच्या स्त्रियांचे चित्र केले होते, ज्यात रंगाचे सपाट पट्टे आणि त्यांना वेढणाऱ्या गडद बाह्यरेषा होत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत गोगँने प्रवचनानंतरच्या दृष्टान्ताचे आपले विख्यात चित्र रंगवले, आणि त्यातही तीच सपाट रंगांची व ठळक रेषांची भाषा होती. कोणी कोणाकडून काय घेतले हा वाद अजून उघड्यावर आला नव्हता. तरीही एकमेकांना समोर बसवून न्याहाळण्याइतके मोकळे वातावरण दोघांमध्ये राहिले नसावे.

मग त्यांनी मधला मार्ग काढला. प्रत्येकाने स्वतःचेच चित्र रंगवायचे आणि मागच्या भिंतीवर दुसऱ्याचे रेखाटन टांगलेले दाखवायचे. भिंतीवरचे रेखाटन आठवणीने काढता येते, अर्धवट सोडता येते, आणि त्याला डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. गोगँच्या चित्रातला बर्नार तर बाजूने दिसतो आणि त्याची नजर खाली आहे. मित्र चित्रात आला खरा, पण चित्रातले चित्र म्हणून आला.

बर्नारचे चित्रही आज त्याच संग्रहालयात आहे आणि आकारानेही जवळपास तेवढेच आहे. त्यात निळ्या रंगाचे वर्चस्व आहे, भिंतीवर मोजक्या रेषांतला गोगँ आहे आणि कडेला एका जपानी ठसेचित्राचा तुकडा डोकावतो, जो अर्थातच व्हिन्सेंटला ओळखीची खूण म्हणून ठेवलेला होता. अर्पणाच्या ओळीत बर्नारने ‘दोस्त’ या अर्थाचा फ्रेंच शब्द मुद्दाम शेवटी एक अक्षर वाढवून, दक्षिणेकडच्या नाकातल्या उच्चाराप्रमाणे लिहिला आहे. आपल्याकडे एखाद्याने गावी राहायला गेलेल्या मित्राला पत्रात तिथल्याच हेलाने हाक मारावी, तशी ही थट्टा आहे. गोगँच्या चित्रात अशी थट्टा कुठेच नाही.

पत्र आधी, चित्र नंतर

गोगँने चित्र पाठवण्यापूर्वी त्याचा अर्थ सांगणारे पत्र पाठवले, आणि या प्रकरणात माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पत्रात त्याने व्हिन्सेंटला बजावले की हा मुखवटा एका दरोडेखोराचा आहे. वेश गबाळा, अंगात ताकद, जाँ वालजाँसारखा, आणि तरी आत एक कुलीनपणा व कोमलता दडलेली. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ च्या कादंबरीतील हा नायक पावासाठी चोरी करतो, १९ वर्षे कैद भोगतो आणि सुटल्यावरही समाज त्याला माणसांत घेत नाही. चेहऱ्यावर उसळलेले रक्त आणि डोळ्यांभोवतीचे भट्टीच्या जाळाचे रंग हे चित्रकाराच्या आत्म्यात पेटलेल्या तप्त रसाचे आहेत, असे गोगँ पुढे लिहितो. डोळ्यांची आणि नाकाची रेषा इराणी गालिच्यांवरच्या फुलांसारखी आहे, म्हणजे तिला हुबेहूबपणाशी देणेघेणे नाही. मागचा फुलाफुलांचा पिवळा कागद एखाद्या मुलीच्या खोलीत शोभावा असा आहे, आणि तो आमच्या कलेच्या निष्कलंकपणाची साक्ष देतो. समाजाने चिरडलेला आणि बहिष्कृत केलेला, पण प्रेम आणि सामर्थ्य बाळगून असलेला वालजाँ हाच आजच्या दृक्प्रत्ययवादी चित्रकाराचा चेहरा नाही काय, असा त्याचा प्रश्न आहे. त्याला माझे नाकडोळे दिले म्हणजे तुला माझे चित्र मिळते आणि आपणा सर्वांचेही मिळते, असे त्याचे म्हणणे.

पत्र बाजूला ठेवून नुसते चित्र पाहिले तरी त्यातली योजना लक्षात येते. तांबूस, जांभळट, छायेत निळसर होत जाणारा चेहरा आणि त्याच्या मागचा कोवळा पिवळा रंग यांची जाणूनबुजून टक्कर लावलेली आहे. चेहरा मध्यभागी न ठेवता कडेला सरकवला आहे, त्यामुळे चित्राचा मोठा भाग भिंतीच्याच वाट्याला येतो, आणि भिंतीला खोली अशी नाहीच. आधीच्या पिढीतील दृक्प्रत्ययवाद्यांनी चेहऱ्यावर पडणारा प्रकाश रंगवला असता. येथे प्रकाश कोठून येतो हे सांगता येत नाही आणि ते विचारण्याची गरजही भासत नाही. ८ ऑक्टोबरला आपला जुना मित्र शुफनेकर याला लिहिताना गोगँने हे आपल्या उत्तम कामांपैकी एक असल्याचे सांगितले, आणि ते इतके निसर्गापासून दूर गेले आहे की कोणाला मुळीच समजणार नाही, असेही काहीशा अभिमानाने जोडले.

या चित्रावर पैशाचीही सावली आहे. गोगँ एके काळी पॅरिसच्या शेअर बाजारात चांगली नोकरी करत होता. १८८२ च्या मंदीनंतर ती गेली, पत्नी पाच मुलांना घेऊन कोपनहेगनला माहेरी राहू लागली आणि पाँतावेनच्या खाणावळीत त्याची उधारी साचली. पॅरिसमधील बूसो-व्हालादों या कलाव्यापारी पेढीच्या एका शाखेचा प्रमुख असलेल्या थेओने त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवला होता की त्याने आर्लला व्हिन्सेंटसोबत राहावे आणि महिन्याला एक चित्र द्यावे, त्या बदल्यात थेओ महिना १५० फ्रँक देईल. व्हिन्सेंटला मित्र हवा होता, थेओला भावासाठी सोबत आणि पेढीसाठी चित्रे, आणि गोगँला कर्जातून सुटका. ऑक्टोबरच्या मध्यास त्याने शुफनेकरला जे लिहिले ते कठोर आहे : थेओचे माझ्यावर कितीही प्रेम असले तरी केवळ माझ्या सुंदर डोळ्यांसाठी तो मला दक्षिणेत पोसणार नाही, त्याने थंड डोक्याच्या डच माणसासारखी जमीन चाचपून पाहिली आहे. तेव्हा ‘मित्र व्हिन्सेंटला’ ही ओळ लिहिणारा हात त्याच पंधरवड्यात हा हिशेबही मांडत होता. यावरून अर्पण खोटे ठरत नाही. ज्याच्याकडून आपल्याला उपकार घ्यायचे आहेत त्याला आपण भिकारी नसून अन्यायाने बाहेर ढकललेला राजा आहोत असे दाखवण्याची गरज माणसाला पडते, आणि वालजाँच्या वेशाचा तेवढा एक उपयोग गोगँला झाला.

आर्लला चित्रे पोचल्यावर

दोन्ही चित्रे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात व्हिन्सेंटच्या हाती आली. पत्र त्याने आधीच वाचलेले होते, त्यामुळे दरोडेखोर, भट्टी, निष्कलंक भिंत हे सारे त्याला ठाऊक होते. त्याने थेओला कळवले ते मात्र वेगळेच : आपल्याला हे एखाद्या कैद्याचे चित्र वाटते, त्यात आनंदाचा मागमूस नाही, छायेतली कांती उदासवाणी निळी झाली आहे. पुढे त्याने अगदी कारागिराला शोभेल असा दोषही काढला. मानवी कांतीत प्रशियन निळा घालू नये, कारण मग ती कांती राहत नाही, तिचे लाकूड होते. बर्नारचे चित्र त्याला मनापासून आवडले. थोडे साधे रंग, काही काळपट रेषा, पण एद्वार माने या चित्रकाराच्या तोडीचे रुबाबदार, असा त्याचा शेरा होता. गोगँचे काम अधिक अभ्यासाचे आणि पुढे नेलेले आहे, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवले.

त्यानंतर व्हिन्सेंट चित्राबद्दल बोलणे थांबवून माणसाबद्दल बोलू लागतो. गोगँ आजारी आणि छळलेला दिसतो, त्याने असे चालू ठेवता कामा नये, मार्टिनिकची चित्रे काढणारा तो समृद्ध गोगँ परत आला पाहिजे, त्याने इथे यावे, नीट खावे, आपल्याबरोबर हिंडावे. ही चित्रे या घडीच्या मित्रांचे खरे दर्शन घडवतात, पण ते असेच राहणार नाहीत, शांत आयुष्याकडे परततील, अशी आशा तो व्यक्त करतो. गोगँने साऱ्या पिढीचे प्रतीक म्हणून जो चेहरा पाठवला होता, त्यात व्हिन्सेंटला प्रतीक दिसलेच नाही. त्याला दिसला न जेवलेला मित्र. गोगँला हे वाचन भाबडे वाटले असते. मला मात्र ते पत्रातील स्पष्टीकरणापेक्षा चित्राच्या अधिक जवळ जाणारे वाटते, कारण त्या तिरप्या डोळ्यांत दरोडेखोराचा आव जेवढा आहे तेवढाच जागरणाचा थकवाही आहे.

व्हिन्सेंटचे बदल्याचे चित्र तोवर तयार होते. सप्टेंबरमध्ये रंगवलेले हे आत्मचित्र आकाराने मोठे, सुमारे ६१ बाय ५० सेंटिमीटर, आणि उभे आहे. केस आणि दाढी बारीक कापलेली, डोळे किंचित तिरपे केलेले, आणि मागे फिक्या हिरव्या रंगाचे फटकारे डोक्याभोवती फिरत गेलेले. सनातन बुद्धाची उपासना करणाऱ्या साध्या भिक्खूचे रूप आपण शोधले, असे त्याने गोगँला लिहिले. त्या उन्हाळ्यात वाचलेली पिएर लोतीची जपानवरची कादंबरी या कल्पनेमागे होती. दोघेही स्वतःचा चेहरा दुसऱ्याला उसना देत होते, पण एकाने कैदी निवडला आणि दुसऱ्याने भिक्खू. व्हिन्सेंटच्या भिंतीवर कोणाही मित्राचे रेखाटन नाही. मित्र घरी राहायला येणार होता. त्याच्या खोलीसाठी सूर्यफुलांची चित्रे ऑगस्टमध्येच करून झाली होती.

पूर्वी गोगँबरोबर मार्टिनिकला गेलेला चित्रकार शार्ल लाव्हाल यानेही नोव्हेंबरमध्ये आपले आत्मचित्र व्हिन्सेंटसाठी पाठवले, खिडकीजवळचे. ते व्हिन्सेंटला फार आवडले.

नंतरचा हिशेब

गोगँ २३ ऑक्टोबरला पहाटेपूर्वी आर्लच्या स्थानकावर उतरला आणि उजाडेपर्यंत जवळच्या एका रात्रभर उघड्या असणाऱ्या कॅफेत बसला. त्याने पुढे आठवणींत लिहिले आहे की मालकाने त्याच्याकडे पाहताच, तुम्हीच ते मित्र ना, असे म्हणून त्याला ओळखले, कारण व्हिन्सेंटने त्याला ते आत्मचित्र दाखवून ठेवले होते. कोणालाच समजणार नाही म्हणून गोगँने ज्याची प्रौढी मिरवली, त्या चित्रावरून एका कॅफेवाल्याने त्याला अंधारात ओळखावे, हा प्रसंग मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत लोभस वाटतो.

एकत्र राहणे नऊ आठवडे टिकले. २३ डिसेंबरच्या रात्री व्हिन्सेंटने स्वतःचा कान कापला आणि दोन दिवसांत गोगँ पॅरिसला निघून गेला. त्या रात्रीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि येथे त्याचे कारण नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढचे : जानेवारी १८८९ मध्ये, व्हिन्सेंट नुकताच इस्पितळातून बाहेर आलेला असताना, गोगँने पिवळ्या पार्श्वभूमीवरच्या सूर्यफुलांचे चित्र मागितले. आपण मागे ठेवून गेलेल्या अभ्यासचित्रांच्या बदल्यात मोठे चित्र मागणे व्हिन्सेंटला खटकले. मूळ चित्र न देता त्याने सूर्यफुलांच्या प्रतिकृती करायला घेतल्या. असे असूनही दोघांची पत्रे चालूच राहिली, आणि दोघांनाही एकमेकांचे काम मोलाचे वाटत राहिले.

भिंतीवरचा बर्नार मात्र भिंतीवर राहिला नाही. मार्च १८९१ मध्ये आल्बेर ओरिए या समीक्षकाने प्रतीकवादी चित्रकलेवर लेख लिहून गोगँला तिचा अग्रणी ठरवले आणि त्यात बर्नारचा उल्लेखही केला नाही. तेव्हापासून बर्नारने गोगँशी संबंध तोडले आणि १८८८ च्या त्या उन्हाळ्याचे श्रेय आपले असल्याचे तो आयुष्यभर सांगत राहिला. व्हिन्सेंट जुलै १८९० मध्ये गेला. त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरवण्याचा बर्नारचा बेत गोगँला पसंत नव्हता, वेड्याच्या चित्रांचा गाजावाजा आपल्या सर्वांना महागात पडेल असे त्याचे मत होते. तरी बर्नारने १८९२ मध्ये पॅरिसला प्रदर्शन भरवले आणि पुढच्या वर्षापासून आपल्याकडची व्हिन्सेंटची पत्रे नियतकालिकात छापायला दिली. या तिघांत मैत्रीची कामे कोणी केली असे विचारले, तर मी त्या विशीतल्या बुजऱ्या मुलाचे नाव घेईन.

गोगँ, बर्नार आणि लाव्हाल यांची आत्मचित्रे व्हिन्सेंटकडून थेओकडे आणि थेओच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी योहान्ना हिच्याकडे गेली, कुटुंबातच राहिली, आणि आज ॲमस्टरडॅमला आहेत. व्हिन्सेंटने दिलेले चित्र गोगँने विकून टाकले. ते हातोहात फिरत जर्मनीत गेले, म्युनिकच्या सरकारी संग्रहात आले, नाझी राजवटीने ते ‘भ्रष्ट कला’ म्हणून काढून टाकले, आणि ३० जून १९३९ रोजी स्वित्झर्लंडमधील लुझर्नच्या लिलावात १,७५,००० स्विस फ्रँकला, म्हणजे त्या लिलावातील सर्वांत मोठ्या बोलीला, मॉरिस वर्टहाइम या अमेरिकी संग्राहकाने घेतले. त्याच्या मृत्यूपत्रानुसार ते हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयाला मिळाले. ॲमस्टरडॅमच्या चित्रावरचे ‘मित्र व्हिन्सेंटला’ हे शब्द आजही स्पष्ट वाचता येतात. हार्वर्डच्या चित्रावर वरच्या बाजूला ‘माझा मित्र पॉल गोगँ याला’ असे लिहिलेले होते. ती अक्षरे पुसलेली आहेत, आणि हिरव्या रंगात त्यांचे थोडेसे अवशेष तेवढे दिसतात.